माझ्या पोटातली सहा मिनिटं

पुढे पळवू नका! आयुष्यभर तुम्ही माझ्या जातीला पुढेच पळवत आलात. आज तरी बटणावरचा अंगठा काढा आणि मला माझ्या गतीनं बोलू द्या. मी व्हिडिओ कॅसेट बोलतेय. काळी, चौकोनी, पोटात फीत गुंडाळलेली. तुमच्या घरात माझी एखादी बहीण माळ्यावर पडलेली असेलच. तिला विचारा, ती हेच सांगेल. बघून झालं की मागे न फिरवता तसंच परत करायचं, उन्हात टाकायचं, माझ्यावर चहाचा कप ठेवायचा, ही तुमची रीत. पण त्याचा राग मी कधीच सोडून दिला. माझा राग वेगळा आहे आणि तीस वर्षं तो माझ्या पोटात आहे.

आत्ता मी एका दुकानाच्या काउंटरवर पडले आहे. जुन्या कॅसेटमधलं सगळं नव्या पद्धतीनं उतरवून देणारं हे दुकान आहे. माझ्या खिडकीवर बुरशी आलीय आणि फीत इतकी जीर्ण झालीय, की फार तर एकदा धावेल. दुकानदारानं मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाला, "आमचं नव्वद मिनिटांचं पॅकेज असतं. त्यापुढे मशीन आपोआप बंद होतं."

नव्वद! मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती. या आकड्यानं एका बाईची तीस वर्षं खाल्ली आहेत. ऐका कशी ते.

मी जन्माला आले ती कोरी. एका मोठ्या कारखान्यात, शेकडो बहिणींबरोबर. माझ्या पाठीवर 'एकशेवीस मिनिटं' असं छापलं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. कोऱ्या कॅसेटला आपल्या पोटात काय भरणार याची फार उत्सुकता असते हो. कुणाच्या लग्नाची मिरवणूक येते, कुणाच्या वाट्याला क्रिकेट. मला घेऊन गेला एक दिग्दर्शक. तरुण, किडकिडीत, नाकापेक्षा चष्मा जड. ऑफिसात सगळे त्याला 'चष्मा' म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते.

ते दिवस आमच्या भरभराटीचे होते. आधी सिनेमा थिएटरात लागायचा आणि तिथे दमून भागून मग कॅसेटवर यायचा. पुढे कुणाच्या तरी लक्षात आलं, की लोकांना दर शनिवारी घरी बघायला काहीतरी नवं लागतं आणि थिएटरं तेवढं पुरवू शकत नाहीत. झालं! थिएटरचं तोंडही न बघता थेट घराघरात जाणारे सिनेमे निघायला लागले. केशकर्तनालयाच्या शेजारी, औषधाच्या दुकानामागे, जिन्याखाली, जिथे फळी ठोकता येईल तिथे कॅसेटची दुकानं उघडली.

यात वाईट काय होतं? काहीच नाही. पाय मोडून पडलेला माणूस, तान्ह्या बाळाची आई, गर्दीत जीव घाबरणारा म्हातारा, यांच्यासाठी सिनेमा स्वतः चालत घरी आला. मला तर ते पुण्याचं काम वाटायचं. संताप येतो तो निराळ्याच गोष्टीचा. घरी बसून बघणाऱ्याला काहीही चालतं, कमीही चालतं, असं या लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. हे ठरवणारे हे कोण?

आमच्या ऑफिसात हे ठरवायचे मालक. माणूस गोड बोलणारा, पण सिनेमा त्यांनी कधी शेवटपर्यंत पाहिला असेल तर शपथ. त्यांचं एक ब्रीद होतं, "आधी डबी, मग सिनेमा." म्हणजे माझ्यावरचं जे रंगीत खोकं असतं ना, त्याचं चित्र आधी रंगवून घ्यायचं. ते दुकानदारांना दाखवायचं. दुकानदारांनी माना डोलावल्या, की मग चष्म्याला बोलवायचं आणि सांगायचं, "हे बघ, असं काहीतरी बारा दिवसांत करून दे."

यावेळच्या डबीवर एक पेटलेला ट्रक होता, वर हेलिकॉप्टर आणि पुढे बंदूक घेतलेली एक बाई. सिनेमात हेलिकॉप्टर नव्हतं. बंदूकवाली बाई नव्हती. ट्रक होता, पण पेटणं दूरच, तो बापडा धड सुरूही होत नव्हता. दोन दृश्यांत चौघांनी मिळून ढकललाय. नीट पाहिलंत तर मागे हात दिसतात.

पण चष्मा हुशार. डबीखाली लपून त्यानं आपली गोष्ट सांगून घेतली. एका ट्रकवाल्यावर खोटा आळ येतो, तो पळतो, सात वर्षं पळतच राहतो आणि शेवटी आपल्या घराच्या दारात येऊन उभा राहतो. आत त्याची आई आहे. तिच्यासाठीच तर तो आलाय.

आईच्या कामाला एक नटी ठरली होती. शूटिंगच्या शेवटच्या दिवशी तिचा निरोप आला, दुसरीकडे काम मिळालं, येत नाही. शूटिंगसाठी घेतलेलं घर दुसऱ्या दिवशी रिकामं करून द्यायचं होतं. चष्म्यानं डोक्याला हात लावला. तेवढ्यात त्याचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथे काकू बसल्या होत्या.

काकू म्हणजे आमच्या कपडेपटाच्या काकू. नटांचे सदरे आत घ्यायच्या, बाहेर सोडायच्या, फाटलं तर शिवायच्या. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय होती, त्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं कुणाला कळत नसे आणि उरलेलं निम्मं झोंबत असे.

"काकू, दार उघडायचं आणि तुमचा मुलगा सात वर्षांनी घरी आला तर तुम्ही जे कराल ते करायचं," चष्मा म्हणाला.

काकूंनी टाचण्या काढून ठेवल्या. "मला मुलगा नाही, मुलगी आहे."

"मग मुलगी आलीय असं समजा."

"ती कशाला जाईल सात वर्षं? तंगडं मोडीन." असं म्हणून काकू उठल्या आणि दारामागे जाऊन उभ्या राहिल्या.

पुढचं मी सांगू शकते, कारण ते माझ्या पोटात आहे. ट्रकवाला दारावर थाप मारायला हात वर करतो. थांबतो. मग थाप मारतो. दार उघडतं. काकू त्याला वरपासून खालपर्यंत बघतात. रडणं नाही, किंचाळणं नाही. म्हणतात, "सात वर्षं झाली. मधे कधी तोंड धुतलंस का?" मग त्यांची नजर सदऱ्यावर जाते. छातीवरचं एक बटण खरोखरच तुटलेलं होतं आणि दिवसभर काकूंच्या डोळ्यांत ते सलत होतं. त्या त्याला स्टुलावर बसवतात, सुई-दोरा काढतात. "हलू नकोस, टोचेल." आणि शिवता शिवता बोलत राहतात. नळ गळतो म्हणतात. शेजारीण सुनेशी भांडते म्हणतात. तुझी खोली आवरली नाही, तुझी तू आवर. शेवटी दोरा दातानं तोडायला त्या वाकतात, त्यांचं कपाळ त्याच्या छातीला टेकतं आणि तिथेच राहतं. बराच वेळ. मग डोकं वर करून म्हणतात, "चल, जेवून घे."

सहा मिनिटं. एका दमात.

"मी थांबा म्हणायलाच विसरलो," चष्मा नंतर जुळवणीच्या खोलीत संकलकाला सांगत होता. तिथेच अख्खा सिनेमा माझ्यावर उतरवला गेला. शहाण्णव मिनिटं झाली. चष्म्यानं माझ्या पाठीवर पेनानं लिहिलं, 'पूर्ण. काकूंना दाखवायची.' आणि मला आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं. लाज वाटून लाल होण्याची सोय माझ्यात नाही, पण त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

मग प्रती काढायचं काम सुरू झालं. मागच्या खोलीत चाळीस मशीन एकावर एक रचलेली होती. मालकांनी कुठून तरी स्वस्तातल्या कोऱ्या कॅसेटची खोकी आणली होती. नव्वद मिनिटांची. सिनेमा शहाण्णवचा, फीत नव्वदची! पहिलीतलं पोरही सांगेल काय होणार ते. पण प्रती काढणारा माणूस पहिली पाच मिनिटं बघायचा, चित्र ठीक, आवाज ठीक, की पुढची चाळीस लावायचा. शेवट कुणी बघितलाच नाही. मालकांनी नाही, प्रती काढणाऱ्यानं नाही. आणि चष्मा? तो पुढच्या डबीचा सिनेमा करायला गेला होता.

माझ्या हजारो बहिणी गावोगाव गेल्या. सगळ्यांच्या पोटात ट्रकवाला दारापर्यंत यायचा, थाप मारायला हात वर करायचा आणि फीत संपायची. निळा पडदा. बस्स.

महिन्याभरानं काकू ऑफिसात आल्या. मांडीवर पिशवी, पिशवीत दुकानातून आणलेली कॅसेट. मी अर्धवट उघड्या खणात होते, वीतभर अंतरावर. शब्द न् शब्द ऐकला.

"घरी सगळ्यांना बोलावलं होतं," काकू म्हणाल्या. त्या दिवशी तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी शब्द अडकत होते. "शेजारून खुर्च्या आणल्या. नणंद आली, तिच्या सुना आल्या. दीड तास सगळे तो ट्रक बघत बसले. मी म्हणत होते, थांबा, येतेच मी, आता येते. त्यानं हात वर केला आणि संपलं की रे! नणंद म्हणाली, वहिनी, तुम्ही दाराच्या आतच राहिलात वाटतं. सगळे हसले. त्याचं काही नाही. पण माझी लेक चौदा वर्षांची आहे. ती सगळ्यांसमोर म्हणाली, आई, खोटं कशाला बोललीस?"

मालक प्रती काढणाऱ्याला घेऊन आत गेले. दार लावून घेतलं; आतलं मला पुढे चष्म्याकडून कळलं. एक प्रत लावून बघितली, मग खोक्यावरचा आकडा बघितला. मग चष्म्याला आत बोलावलं.

"परत मागवाव्या लागतील," चष्मा म्हणाला.

"वेड लागलंय का? एवढ्या कॅसेट गेल्या, एक तरी तक्रार आलीय?"

नव्हती आली. हेही सांगायला हवं. तुम्ही लोकांनीसुद्धा तक्रार केली नाहीत. कुणाला वाटलं शेवट असाच असेल, कुणाला डुलकी लागली होती, कुणी त्याच्या आधीच पुढे पळवून बंद केलं होतं. एक माणूस, फक्त एक माणूस दुकानात जाऊन विचारता, "दार उघडलं की नाही हो?" तर बरं झालं असतं. मालकांना बळ तुमच्याकडूनच मिळालं.

मालक बाहेर आले. खुर्ची ओढून काकूंसमोर बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काकू, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा सीन काही चांगला झाला नव्हता. कापावा लागला. सगळ्यांनाच जमतं असं नाही."

ऐकलंत? फीत कमी पडली हे सांगायला या माणसाची जीभ वळली नाही, आणि एका बाईच्या कामाला नावं ठेवायला मात्र चुरुचुरु चालली! मी खणात नुसती थडथडले. दोन्ही चाकं फिरवायचा प्रयत्न केला. पण आमचं दुर्दैव असं, की कुणी लावल्याशिवाय आम्हाला बोलता येत नाही.

काकूंनी चष्म्याकडे बघितलं. "खरं का रे?"

चष्म्यानं माझ्या खणाकडे बघितलं. पुढचा सिनेमा त्याला कबूल झाला होता. तो काचा पुसत राहिला.

"बरं," काकू म्हणाल्या. "मला वाटलं होतं बरं झालंय." आणि उठून गेल्या. त्यानंतर त्या कपडेपटाच्या कामाला कधी आल्या नाहीत.

त्याच आठवड्यात मालकांच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे असं निघालं आणि त्याखाली सरकवायला मालकांनी हाताला लागेल ते घेतलं. हाताला मी लागले. की मुद्दाम मलाच शोधलं, ते त्यांचं त्यांना माहीत. तीस वर्षं मी त्या टेबलाचा पाय उचलून धरला. वर काय काय चाललं ते ऐकत होते. आमच्या जागी तबकड्या आल्या, तबकड्या गेल्या, लोक हातातल्या फोनवर सिनेमे बघायला लागले. डब्या रंगवणारे गेले. 'लोकांना काहीही चालतं' हे वाक्य मात्र शेवटपर्यंत तसंच राहिलं.

मग मालक थकले, ऑफिस बंद झालं. जुनं लाकूड घेणारा सुतार टेबल उचलायला आला, त्या दिवशी चष्माही आपले काही जुने कागद शोधायला आला होता. केस पिकलेले, चष्मा तेवढाच जड. टेबल उचललं तशी मी दिसले. त्यानं धूळ पुसली आणि आपलंच अक्षर वाचलं. तिथल्या तिथे फरशीवर बसला.

"हे मी नेऊ?" त्यानं विचारलं.

"न्या की," सुतार म्हणाला. "टेबल डुगडुगेल तेवढं."

डुगडुगू दे! फार वर्षं सरळ उभं राहिलं ते.

चष्मा मला घेऊन काकूंच्या दारी गेला. थाप मारायला त्यानं हात वर केला आणि हात तसाच राहिला. सोपं नसतं ते. तीस वर्षं ट्रकवाला उगीच नव्हता उभा. शेवटी एकदाची थाप पडली. दार लेकीनं उघडलं, पण मागून काकूंचाच आवाज आला, "कोण गं?"

चष्म्यानं सगळं सांगितलं. फीत कमी पडली होती. सीन कुणीही कापला नव्हता. सीन फार चांगला झाला होता.

काकू ऐकून घेऊन म्हणाल्या, "बोलायचं होतं तेव्हा तोंड उघडलं नाहीस. आता तुझ्या 'चांगला'वर कोण विश्वास ठेवणार?"

लेक पुढे झाली. चव्वेचाळीस वर्षांची बाई, पण मला हातात घेतलं तेव्हा तिचा हात शाळकरी पोरीसारखा घामेजला होता. घरात मला लावायचं मशीन नव्हतं. म्हणून आम्ही सगळे या दुकानात आलो. आणि आल्या आल्या काय कानावर पडलं? नव्वद!

"शहाण्णव आहेत," लेक दुकानदाराला म्हणाली. "मशीन बंद पडायला लागलं तर चालू ठेवा. कसं ते तुम्ही बघा. मी या स्टुलावरून उठणार नाही."

"अहो ताई, शेवटी नुसती नावंच असतात."

"शेवटी माझी आई आहे."

दुकानदारानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा काकूंकडे. मग मशीनच्या मागे जाऊन काहीतरी फिरवलं आणि मला आत सरकवलं. चष्मा दुकानाच्या उंबऱ्याबाहेरच घुटमळत होता. काकूंनी मान न वळवता हाक मारली, "आत ये रे. दारात उभं राहणाऱ्यांचं पुरे झालं मला."

मी धावले. अंग चरचरत होतं, मधेमधे चित्रावर पांढऱ्या रेघा येत होत्या, पण धावले. ट्रक आला, ढकलणारे हात आले. लेक हसली नाही. ट्रकवाला दारापाशी आला. त्यानं हात वर केला. लेकीनं स्टुलाची कड घट्ट धरली. माझ्या हजारो बहिणी इथेच मेल्या होत्या.

थाप पडली. दार उघडलं.

"सात वर्षं झाली. मधे कधी तोंड धुतलंस का?"

लेकीच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. पडद्यावरच्या काकू आजच्या लेकीपेक्षा थोड्या लहानच होत्या. त्या बटण शिवत होत्या, नळाबद्दल बोलत होत्या, खोली आवरायला सांगत होत्या. हे सगळं लेकीनं जन्मभर ऐकलेलं, शब्द न् शब्द. कपाळ छातीला टेकलं. "चल, जेवून घे." मग नावं आली, सगळ्यात शेवटी काकूंचं.

"आई, तू खोटं बोलली नव्हतीस," लेक म्हणाली. रडू आवरत नव्हतं तिला.

"ते मला माहीतच होतं गं," काकू म्हणाल्या. "चांगलं केलं का मी, तेवढं सांग."

लेक अजून रडतच होती. चष्म्याला तर तो हक्कच नव्हता. उत्तर दिलं ते दुकानदारानं. काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं केव्हाची ताटकळत होती आणि हा पडद्याकडेच बघत उभा होता. "काकू," तो म्हणाला, "मी आज रात्री आईकडे जाऊन येतो."

काकूंनी हळूच मान हलवली. डोळे पुसले आणि पडद्याकडे बोट दाखवलं. "बटण जरा तिरकं लागलंय. घाई केली मी."

दुकानदारानं सवयीप्रमाणे मला मागे फिरवायला बोट पुढे केलं. काकूंनी त्याचा हात धरला. "राहू दे. दमली असेल ती. शेवटापर्यंत आलीय, तिथेच राहू दे."

आता पुन्हा काउंटरवर आहे मी. उतरवून झालंय, शहाण्णवच्या शहाण्णव मिनिटं. सगळी फीत पलीकडच्या चाकावर गेलीय आणि पुन्हा कधी फिरेन असं वाटत नाही. मालकांवरचा राग तसाच आहे, तो जायचा नाही. तुमच्यावरचा थोडा उरलाय. तो घालवायचा असेल तर एवढंच करा. घरी बसून जे काही बघाल, ते शेवटपर्यंत बघा. आणि शेवट कुणी कापलेला दिसला तर गप्प बसू नका, जाऊन विचारा. दाराच्या आत कुणीतरी सुई-दोरा घेऊन उभं असतं.